मदत हवी आहे: स्लॅबसाठी खडी, माप आणि धूळ

नमस्कार मंडळी. भांडुपला आमच्या जुन्या घराचा स्लॅब पुढच्या आठवड्यात टाकायचा आहे. गल्ली अरुंद, मिक्सरचा ट्रक आत येत नाही, त्यामुळे माल जागेवरच कालवायचा. खडी पनवेलकडून रात्रीच्या डंपरने येते.

काल २० एमएमची खडी आली. '२ ब्रास' (१ ब्रास म्हणजे १०० घनफूट) म्हणून पैसे घेतले. मी टेप लावला: हौदा १० फूट लांब, ७ रुंद, माल अडीच फूट. म्हणजे १७५ घनफूट, पावणेदोन ब्रासच! ड्रायव्हर म्हणतो, "साहेब, रस्त्यात बसतो माल." खरंच एवढा बसतो?

दुसरं, खडी मुठीत घेतली तर हात पांढरा होतो आणि चपटे तुकडेही बरेच दिसतात. मिस्त्री म्हणतो, चालतंय. पण काँक्रीटमध्ये निम्म्याहून जास्त भाग खडी-वाळूचाच, मग सिमेंट भारी घेऊन उपयोग काय?

धुऊन वापरू की परत पाठवू? क्रश सँडमधली (दगड फोडून केलेल्या वाळूतली) धूळ घरच्या घरी कशी तपासायची? आणि मुलुंड-ठाण्याकडे सुटा माल, मोजून आणि पावतीसह देणारं कुणी माहीत असेल तर कृपया मेसेज करा. सळई बांधून तयार आहे, वर आभाळ भरलंय.