प्रतिसाद: कलेला पदक द्यायचं तरी कसं?

'खेळात घड्याळ आणि फीत असते, कलेत नंबर लावणं म्हणजे निव्वळ परीक्षकांची मर्जी' हा वरचा मुद्दा अर्धाच पटला. जिम्नॅस्टिक्स आणि डायव्हिंगमध्येही गुण माणसंच देतात की! पण कलेला पदक देण्याचा प्रयोग खुद्द ऑलिंपिकमध्येच होऊन गेलाय, ते इथे कुणी लिहिलेलं दिसलं नाही. 1912 ते 1948 या काळात स्थापत्य, साहित्य, संगीत, चित्रकला आणि शिल्पकला यांना रीतसर पदकं दिली जायची. अट एकच, कलाकृतीचा विषय खेळाशी निगडित हवा. 1912 चं साहित्याचं सुवर्ण एका कवितेला टोपणनावाने मिळालं आणि तिचा कवी निघाला पिएर द कुबर्तां, म्हणजे आधुनिक ऑलिंपिकचा जनकच. (मर्जीचा मुद्दा इथे मात्र तुमच्या बाजूने जातो!)

हंगेरीच्या आल्फ्रेड हायोशने 1896 मध्ये समुद्रात पोहून दोन सुवर्णपदकं जिंकली. पुढे तो वास्तुविशारद झाला आणि 1924 मध्ये स्टेडियमच्या आराखड्यासाठी, जोडीदार देझ्यो लाउबरसह, त्याला रौप्य मिळालं. त्या वर्षी स्थापत्याचं सुवर्ण कुणालाच दिलं नाही, परीक्षकांना एकही काम त्या तोडीचं वाटलं नाही. असा कडकपणा आजच्या पुरस्कारांत क्वचितच दिसतो. ही पदकं बंद पडली ती मात्र मर्जीच्या तक्रारींमुळे नव्हे. ऑलिंपिक तेव्हा हौशी खेळाडूंचं होतं आणि कलाकार बहुतेक व्यावसायिक, तिथे घोडं अडलं.