साखळी अपघातात पहिल्या चुकीची जबाबदारी कुठे संपते?

मूळ मत

रात्रीच्या वेळी एका चालकाच्या चुकीने ट्रक रस्त्यात आडवा होतो, मागून येणारी मोटार त्यावर आदळते, मदतीसाठी काही जण थांबतात आणि त्यांच्यापैकी एकाचा नंतर आलेल्या वाहनामुळे मृत्यू होतो. या मृत्यूच्या भरपाईतून पहिल्या चालकाला पूर्णपणे मोकळे करणे मला अन्यायाचे वाटते, कारण अडलेल्या रस्त्यावर पुन्हा धडक होणे आणि माणसे मदतीला धावणे, या दोन्ही गोष्टींची कल्पना कोणत्याही समंजस चालकाला आधीच यायला हवी. इंग्लंडमधील राऊज विरुद्ध स्क्वायर्स (१९७३) या खटल्यात जवळपास असेच घडले होते. तिथे खालच्या न्यायालयाने संपूर्ण दोष शेवटच्या चालकाला दिला, परंतु अपील न्यायालयाने रस्ता अडवणाऱ्यावर २५ टक्के जबाबदारी टाकली.

प्रतिसाद १ (विरोधी)

मी असहमत आहे. पुढे काहीतरी उभे असू शकते हे धरूनच वेग ठेवायचा असतो. ताशी ९६ किलोमीटर वेगाने धावणारी साधी मोटारसुद्धा धोका दिसल्यापासून थांबेपर्यंत सुमारे ७३ मीटर पुढे जाते. धुक्यात तेवढे अंतर दिसतच नसताना जो हा वेग ठेवतो, त्याने स्वतः निवडलेल्या धोक्याचे ओझे दुसऱ्याच्या माथी का मारावे? राईट विरुद्ध लॉज (१९९३) या खटल्यात धुक्यात बंद पडलेल्या मोटारीला एका बेदरकार चालकाच्या ट्रकने धडक दिली, तो ट्रक पलीकडच्या मार्गावर जाऊन उलटला आणि तिथली वाहने त्यावर आदळली. त्या लोकांच्या हानीची जबाबदारी मोटारचालकावर टाकायला न्यायालयाने नकार दिला.

मूळ मत मांडणाऱ्याचे उत्तर

हा निकाल आपण अर्धाच सांगितला आहे. त्याच खटल्यात, बंद पडलेल्या मोटारीतील जखमी प्रवाशापुरती मोटारचालकावरची १० टक्के जबाबदारी कायम राहिली. एकाच चुकीमुळे एका पीडितापुरती जबाबदारी टिकते आणि दुसऱ्यापुरती तुटते, याचे कारण धडकांच्या संख्येत किंवा मध्ये गेलेल्या वेळेत शोधून सापडणार नाही. ट्रकचालक केवळ निष्काळजी असता तरी तो त्या मोटारीवर आदळू शकला असता, मात्र ट्रक पलीकडच्या मार्गावर पोहोचला तो निव्वळ त्याच्या बेदरकारपणामुळे. म्हणून प्रत्येक इजेसाठी स्वतंत्रपणे विचारायला हवे, की ज्या धोक्यामुळे पहिले वर्तन चुकीचे ठरते, त्याच धोक्यातून ही इजा झाली आहे का.

प्रतिसाद २

टक्केवारीचा हा वाद चालकांमधला आहे, तो पीडिताच्या डोक्यावर लादू नये. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने खेन्येई प्रकरणात (२०१५) स्पष्ट केले आहे, की अनेकांच्या एकत्रित निष्काळजीपणामुळे इजा झाली असेल, तर पीडित त्यांच्यापैकी कोणा एकाकडूनही संपूर्ण भरपाई वसूल करू शकतो. पीडिताची स्वतःची चूक असेल, तर मात्र तेवढी रक्कम कमी होते.

प्रतिसाद १ चे लेखक

म्हणजे ज्याचा दोष १० टक्के, त्याने १०० टक्के भरायचे आणि उरलेले ९० टक्के अशा माणसाकडून वसूल करायचे, ज्याच्याजवळ कदाचित विमाही नसेल! किरकोळ दोष असलेल्याच्या बाबतीत हे मला पटत नाही.

मूळ मत मांडणाऱ्याचे उत्तर

आपली अडचण खरी आहे. तरीही दुसरा पक्ष दिवाळखोर असण्याचा तोटा कोणाला तरी सोसावाच लागतो, आणि ज्याची काहीच चूक नाही त्याच्यापेक्षा ज्याची थोडी तरी चूक आहे त्याने तो सोसावा, असे मला ठामपणे वाटते. मात्र इजा वेगळ्या करता येत असतील, म्हणजे पहिल्या धडकेत पाय मोडला आणि दुसऱ्या धडकेत डोक्याला मार लागला हे वैद्यकीय पुराव्याने सिद्ध होत असेल, तर दुसऱ्या चालकाकडून पायाची भरपाई मागता येणार नाही. त्याने येण्यापूर्वीच ती हानी झालेली होती.