मदत हवी आहे: गोल्डफिशच्या छोट्या बाऊलला फिल्टर बसवता येईल का?

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या सुट्टीत लेकीच्या हट्टापायी दोन गोल्डफिश आणले. सोबत काचेचा गोल बाऊल, जेमतेम ७ लिटरचा. दुकानदार म्हणाला, "दर रविवारी सगळं पाणी बदला, फिल्टर लागत नाही." आम्ही तसंच केलं. मासे पातेल्यात काढायचे, खडे गरम पाण्याने घासायचे, नळाचं ताजं पाणी भरायचं. रविवारी पाणी नितळ, मंगळवारी दुधाळ, आणि गुरुवारपर्यंत मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करायला लागायचे.

मागच्या शुक्रवारी एक गेला. लेकीने त्याला जास्वंदीच्या कुंडीत पुरलं. तेव्हापासून शाळेतून आली की दप्तर पाठीवर असतानाच दुसरा हलतोय ना बघते. हा वाचवायचाच आहे.

थोडं वाचलं तेव्हा कळलं, की माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून पाण्यात अमोनिया जमतो. खड्यांवर वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. म्हणजे स्वच्छता समजून मी दर आठवड्याला ते जिवाणूच धुऊन टाकत होते. वर नळातलं क्लोरीन. फार वाईट वाटलं.

आता हवेचा छोटा पंप आणि स्पंज फिल्टर आणावा म्हणते. पण एवढ्याशा बाऊलमध्ये तो ठेवल्यावर मासा फिरणार कुठे? बुडबुड्यांच्या जोराने दमणार नाही ना? आम्ही विश्रामबागला राहतो, पावसाळ्यात लाईट जाते. तेव्हा नळीतून पाणी उलटं पंपात येतं म्हणे, ते कसं टाळायचं? जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद (मिरज):

ताई, स्पंज फिल्टरच घ्या. पंप पाण्याच्या पातळीच्या वर, फळीवर ठेवा आणि नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह टाका, पाणी उलटं येणार नाही. जोर कमी करायला हवेच्या नळीला बारीक कॉक मिळतो. स्पंज कधीही नळाखाली धुवायचा नाही, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा.

पण खरं सांगतो, गोल्डफिश बाऊलमध्ये टिकत नाही. तो वीतभर वाढतो आणि घाणही खूप करतो. २ फूट लांब, १ फूट रुंद, १ फूट उंच टाकीत साधारण ५५ लिटर पाणी बसतं, एकट्याला तेवढी तरी हवी. टाकी येईपर्यंत बाऊल काठोकाठ भरू नका. पोटाच्या रुंद भागापर्यंतच पाणी ठेवा, म्हणजे हवेला जास्त पृष्ठभाग मिळेल. रोज पाव हिस्सा पाणी बदला, तेही आदल्या दिवशी बादलीत काढून ठेवलेलं किंवा अँटिक्लोरीनचे थेंब घातलेलं. खाणं निम्मं करा.

नव्या स्पंजवर जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे जातात. तेवढा वेळ तुमच्या माशाकडे नाही. माझ्या टाकीतला जुना स्पंज अर्धा कापून देतो. तो वाळला तर जिवाणू मरतील, माझ्याच टाकीच्या पाण्यात बुडवून न्यायचा.

धागाकर्ती:

दादा, खूप आभार. टाकीची चौकशी उद्याच करते. स्पंज न्यायला संध्याकाळी लेकीला घेऊन आले तर चालेल का? झाकणाचा डबा आणते.