रोज एक फोटो काढल्याने आपण सापडतो की हरवतो?

धागाकर्ती:
गेले आठ महिने मी दिवसाला एकच फोटो काढते, चेहरा कधीच नाही. धबडगा इतका आहे की रात्री कोणी विचारलं आज काय केलंस तर सांगताच येत नाही. परवाचा फोटो म्हणजे मशीनमधून काढलेल्या कपड्यांचा पिळा, त्यात मुलाचा एक मोजा माझ्या शर्टाच्या बाहीत अडकलेला, वेळ रात्री पावणेबारा. सजून काढलेल्या प्रोफाइल फोटोपेक्षा मी त्या पिळ्यात जास्त आहे असं मला मनापासून वाटतं. अमेरिकन छायाचित्रकार जेमी लिविंगस्टनचं बघा, १९७९ ते १९९७, अगदी मृत्यूच्या दिवसापर्यंत रोज एक पोलरॉइड. सुटे बघितले तर बरेच साधेच, पण सलग बघितले की अख्खा माणूस उभा राहतो.

प्रतिसाद १:
अजिबात पटलं नाही. आधीच श्वास घ्यायला फुरसत नाही त्यात हे आणखी एक काम. मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांचा २०१४ चा अभ्यास आहे, संग्रहालयातल्या ज्या वस्तूंचे लोकांनी फोटो काढले त्या नुसत्या बघितलेल्या वस्तूंपेक्षा कमी लक्षात राहिल्या. माझंच सांगतो, मुलीचा नाच पूर्ण मोबाईलच्या स्क्रीनमध्ये बघितला, घरी आल्यावर ती म्हणते बाबा शेवटी मी तुला हात केला तो दिसला का, आणि मला आठवेचना. फार लागलं ते.

धागाकर्ती:
वाचून वाईट वाटलं. पण त्याच अभ्यासात ज्यांनी झूम करून एखादाच भाग टिपला त्यांची आठवण कमी झाली नव्हती. मी म्हणतेय ते हेच, अख्खा नाच नको, एक मोजा पुरे.

प्रतिसाद २:
मुद्दा वेगळाच आहे, तुम्ही ते फोटो कुठे टाकता का? विव्हियन मायर आया म्हणून काम करायची, लाखाहून जास्त फोटो काढले, आरशात, दुकानांच्या काचांत स्वतःचेही, आणि जवळजवळ कोणालाच दाखवले नाहीत, २००७ मध्ये सामानाचा लिलाव झाला म्हणून लोकांना कळलं. बघणारे आले की मोजासुद्धा मांडून ठेवला जातो.

धागाकर्ती:
आधी टाकायचे. एकदा टेबलावरचा चहाचा डाग पुसला आणि मग फोटो काढला, त्या दिवसापासून बंद केलं.

प्रतिसाद १:
हे मात्र पटलं. तरी पुढच्या नाचाला मोबाईल पिशवीतच राहणार माझा.