मदत हवी आहे: मेरोपेनेमला दाद न देणाऱ्या जंतूंमध्ये एनडीएम जनुक सापडत नाही

रंकाळाकाठ: मी कोल्हापुरात सूक्ष्मजीवशास्त्राच्या एम.एस्सी.चा प्रकल्प करीत आहे. एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागातून मिळालेले अकरा जंतू माझ्याकडे असून ते सर्वच्या सर्व मेरोपेनेम या प्रतिजैविकाला प्रतिरोधक आहेत. मेरोपेनेम तोडणारे एन्झाइम बनवणाऱ्या एनडीएम जनुकासाठी तीन वेळा पीसीआर (जनुकाच्या प्रती वाढवून ते शोधण्याची चाचणी) केला, पण जनुक असल्याचे दाखवणारा बँड फक्त दोन नमुन्यांत आला. सोमवारी मार्गदर्शकांना निकाल दाखवायचे आहेत आणि प्रायमर (पीसीआरमध्ये जनुक हेरणारे डीएनएचे छोटे तुकडे) संपत आले आहेत. पीसीआरमध्ये नेमके काय चुकते आहे, एवढेच सांगावे. प्रतिरोधाची सर्वसाधारण माहिती कृपया देऊ नये, ती मला आहे.

जुना टेक्निशियन: पीसीआरच चुकला आहे, हे आपण आधीच ठरवून टाकलेले दिसते. जंतू कोणते आहेत? डीएनए कसा काढला? पॉझिटिव्ह कंट्रोल (जनुक नक्की असलेला नमुना) कोणता होता आणि त्याचा बँड आला का? ज्या नऊ नमुन्यांत बँड नाही, त्यांच्यात सर्व जंतूंत असणाऱ्या १६एस जनुकाचा तरी बँड येतो का, हे पाहिले आहे का? एवढे कळल्याशिवाय कोणीही काही सांगितले तरी तो केवळ अंदाज असेल.

रंकाळाकाठ: डीएनए उकळून काढला आहे. कंट्रोल म्हणून मागील वर्षीच्या विद्यार्थिनीने ठेवलेला डीएनए वापरला, त्याचा बँड फिकट आला. १६एस केलेले नाही, कारण जंतू चांगले वाढत आहेत.

जीनोमप्रेमी, पुणे: या जुन्या पद्धतींत वेळ का घालवता? संपूर्ण जीनोमचे सिक्वेन्सिंग करून घ्यावे आणि ते रेसफाइंडर किंवा कार्ड या प्रतिरोध-जनुकांच्या संग्रहांत टाकावे, म्हणजे सर्व जनुके एकदम समोर येतील. माझ्या प्रबंधात मी हेच केले आणि प्रायमर मागवण्याची कटकट कायमची संपली.

जुना टेक्निशियन: सोमवारपर्यंत? शिवाय जनुक सापडले म्हणजे प्रतिरोधाचे कारण सापडले, असे होत नाही. ते व्यक्त होते की नाही, हे त्या यादीतून कळत नाही. आखूड तुकड्यांच्या सिक्वेन्सिंगमध्ये आयएस२६ सारख्या वारंवार येणाऱ्या क्रमांपाशी जुळणी तुटते आणि जनुक कोणत्या प्लास्मिडवर (जंतूतील सुट्या डीएनए वर्तुळावर) आहे, ते कळत नाही.

जीनोमप्रेमी, पुणे: त्यासाठी नॅनोपोर सिक्वेन्सिंगचे लांब तुकडे आहेत. आणि ओएमपीके३५ किंवा ओएमपीके३६ या औषध आत येऊ देणाऱ्या छिद्रप्रथिनांचे जनुक मोडले असेल आणि सोबत सीटीएक्स-एम-१५ हे प्रतिजैविके तोडणारे एन्झाइम असेल, तर कार्बापेनेमेझ (मेरोपेनेमच्या गटातील म्हणजे कार्बापेनेम औषधे तोडणारे एन्झाइम) नसतानाही जंतू प्रतिरोधक दिसू शकतो. तो आपल्या एनडीएम प्रायमरला कोणत्या जन्मी सापडणार?

जुना टेक्निशियन: हा मुद्दा मान्य आहे. परंतु मेरोपेनेमची एक डिस्क, टीएसबी हे द्रव माध्यम आणि मेरोपेनेमला दाद देणारा एटीसीसी २५९२२ ई. कोलाय हा जंतू वापरून केलेली एमसीआयएम चाचणी दुसऱ्या दिवशी सांगते की कार्बापेनेमेझ आहे की नाही. झोन (डिस्कभोवती ई. कोलाय न वाढलेले वर्तुळ) १५ मिमी किंवा कमी असेल तर आहे, १९ किंवा जास्त असेल तर नाही. आधी हा प्रश्न सोडवावा, जनुकाचे नाव नंतर शोधावे.

रात्रपाळी: मी अतिदक्षता विभागात काम करतो. रुग्णात एनडीएम असल्यास सेफ्टाझिडिम-ॲव्हिबॅक्टमसोबत ॲझट्रिओनाम देण्याचा विचार करावा, कारण एनडीएम ॲझट्रिओनामचे विघटन करीत नाही आणि जी इतर एन्झाइमे ते करतात त्यांना ॲव्हिबॅक्टम रोखते.

रंकाळाकाठ: सर, मला रुग्णावर उपचार करायचे नाहीत, प्रकल्प सादर करायचा आहे. एमसीआयएम फक्त क्लेब्सिएलासाठी चालते ना? माझे पाचच क्लेब्सिएला न्यूमोनिई आहेत, उरलेले सहा ॲसिनेटोबॅक्टर बाउमानी आहेत. एनडीएम दोन क्लेब्सिएलांत आले.

जुना टेक्निशियन: हे पहिल्याच ओळीत लिहिले असते, तर आम्ही एवढे भांडलो नसतो. ॲसिनेटोबॅक्टरमध्ये एनडीएम असू शकते, परंतु आधी ऑक्सा-२३ हे कार्बापेनेमेझचे जनुक शोधावे. त्याच्या अलीकडे आयएसएबीए१ हा जागा बदलणारा डीएनएचा तुकडा असेल तर जनुक जोरात चालते. ऑक्सा-५१ हे बाउमानीचे स्वतःचेच जनुक असल्याने तोच प्रायमर ओळख पटवण्यासही चालतो, आणि त्याचा बँड आला तर डीएनए ठीक असल्याची खात्रीही होते. ॲसिनेटोबॅक्टरवर एमसीआयएम मात्र करू नये, तिथे ती भरवशाची नाही.

क्लेब्सिएलांपैकी ज्या तिघांत एनडीएम नाही, त्यांत ऑक्सा-४८ गटाचे जनुक शोधावे. आपल्याकडे ऑक्सा-१८१ आणि ऑक्सा-२३२ आढळतात. ती कार्बापेनेम फार हळू तोडतात, त्यामुळे साध्या मेरोपेनेम डिस्क चाचणीत (एमसीआयएममध्ये नव्हे) झोन पूर्ण शून्य न होता १७-१८ मिमी येणे शक्य आहे. आपले झोन किती होते?

रंकाळाकाठ: एनडीएम आलेल्या दोघांचे सहा मिमी, म्हणजे डिस्कएवढेच, झोनच नाही. उरलेल्या तिघांचे १८, १७ आणि १९. वहीत आकडे होते, पण अहवालात मी सर्वांपुढे केवळ 'आर' (प्रतिरोधक) लिहिले होते.

जुना टेक्निशियन: आपला पीसीआर बहुधा बरोबर होता. तरीही उकळलेला डीएनए दहापट विरळ करून एकदा १६एस करावे, कारण पीसीआर रोखणारे घटक त्यात राहून जातात. फिकट कंट्रोल फेकून द्यावा आणि एनडीएम मिळालेल्या क्लेब्सिएलाचा ताजा डीएनए वापरावा. सबकल्चर (जंतू नव्या माध्यमावर पुन्हा वाढवणे) मेरोपेनेमविना किती वेळा केले होते, तेही लिहावे. प्लास्मिड गळून पडलेले असू शकते.

रंकाळाकाठ: चार वेळा, साध्या न्यूट्रिएंट अगारवर. गोठवून ठेवलेल्या ग्लिसरॉल स्टॉकमधून जंतू आज पुन्हा काढत आहे. ऑक्सा-४८ चे प्रायमर कोल्हापुरात कोणाकडे सुटे मिळतील का? मागवले तर सोमवार निघून जाईल.

जीनोमप्रेमी, पुणे: माझ्याकडे आहेत. उद्या सकाळच्या एसटीने कोणी कोल्हापूरला येणार असेल तर बर्फात घालून देतो. सिक्वेन्सिंगचे मात्र विचारात ठेवा.