विलीस एमबी: स्टिअरिंगला चार बोटं प्ले, बॉक्स बदलायचा का?

लोबॉनेट४४:
१९४४ ची विलीस एमबी (दुसऱ्या महायुद्धातली लष्करी जीप), लेफ्ट हँड. चाकं सरळ असताना स्टिअरिंग चार बोटं मोकळं फिरतं (हाच प्ले). ताशी ४५ किमीच्या पुढे खड्डा लागला की पुढची चाकं थडथडतात. टाय रॉडचे (चाकं वळवणाऱ्या दांड्यांचे) चारही एंड नवे आहेत. मेकॅनिकने स्टिअरिंग बॉक्सच्या बाजूचा स्क्रू आवळला. प्ले कमी झाला, पण आता वळण संपल्यावर व्हील आपोआप परत येत नाही. पूर्ण बॉक्सच बदलावा का?

जुनापाना:
आधी तो स्क्रू होता तिथे न्या. या रॉस कंपनीच्या बॉक्समध्ये कॅमच्या (व्हीलसोबत फिरणारा, स्क्रूसारखी खाच असलेला दांडा) खाचेत लिव्हरच्या दोन निमुळत्या पिना चालतात. खाच मुद्दाम मधोमध घट्ट ठेवलेली असते. गाडी बहुतेक वेळ सरळ चालते, म्हणून झीजही मध्येच होते. मधला प्ले मारायला स्क्रू आवळला की कडेला, जिथे खाच झिजलेली नाही, तिथे पिना आवळतात. तुमचं व्हील त्यामुळेच अडकतंय.

बॉक्सला हात लावण्याआधी बेलक्रँक (पुढच्या अ‍ॅक्सलवर पिनभोवती फिरून टाय रॉड हलवणारा आर्म) बघा. इंजिन बंद, चाकं जमिनीवर. एकाने व्हील दोन-तीन इंच डावी-उजवीकडे हलवायचं, दुसऱ्याने खाली झोपून प्रत्येक सांध्यावर बोट ठेवायचं. पिटमन आर्म (बॉक्समधून निघालेला) हलतो पण ड्रॅग लिंक (तिथून बेलक्रँकपर्यंतचा दांडा) उशिरा हलते, तर बॉल सीट आणि स्प्रिंग गेले. ड्रॅग लिंक हलते आणि बेलक्रँक वरखाली डुलतो, तर त्याची पिन आणि नीडल बेअरिंग. या जीपमध्ये बहुतेकदा हाच चोर असतो.

घाटवाट:
सहमत. एक भर: नीडलऐवजी लेथवाला गनमेटलचा बुश घालून देतो. चालतं, पण ग्रीस चुकवायचं नाही. पिन अ‍ॅक्सलच्या ब्रॅकेटमध्येच हलत असेल तर नुसता बुश बदलून पैसे वाया.

थडथडीसाठी किंगपिन (जिच्यावर चाक डावी-उजवीकडे वळतं ती पिन) बघा. चाक जॅकवर घेऊन वर-खाली धरून हलवा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर व्हील बेअरिंग, राहिला तर किंगपिनचं बेअरिंग. शिम (पातळ चकत्या) वरून आणि खालून सारखेच काढा. नकलचं (किंगपिनवर चाकासोबत वळणारा भाग) तेलसील आणि टाय रॉड काढून, नकलच्या आर्मच्या टोकाला स्प्रिंग काटा लावून ओढा: १.८ ते २.७ किलोला नकल फिरायला हवा. सील तसंच ठेवून मोजलं तर आकडा फसवा येतो.

लोबॉनेट४४:
बेलक्रँक खरंच डुलतोय, साधारण ३ मिमी. त्यानंतर बॉक्सचं काय? आत ग्रीस भरलेलं दिसतंय.

जुनापाना:
ग्रीस काढा. कॅम ग्रीसमधून वाट कापतो आणि मग कोरडाच चालतो. ९० नंबरचं गिअर ऑइल घाला. गळत असेल तर सेक्टर शाफ्टचा (ज्यावर पिटमन आर्म बसतो तो) बुश आणि सील बघा, ग्रीसने झाकू नका.

मग ड्रॅग लिंक सोडा, बाजूचा स्क्रू पूर्ण ढिला करा. कॉलम वर-खाली ओढून प्ले लागला तर वरच्या कव्हरखालचा एखादा पातळ शिम काढा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फेरे मोजून बरोबर मधे या, आणि मधेच स्क्रू आवळा: हाताला किंचित जडपणा लागेल इतकाच, मग चेकनट. एवढ्यावरही मधे ढिलं आणि कडेला घट्ट राहिलं तर कॅम आणि लिव्हर दोन्ही बदला, एकटी लिव्हर नको.

घाटवाट:
शेवटी टो-इन (पुढची चाकं समोरच्या बाजूला किंचित आत वळलेली ठेवणं). बेलक्रँक अ‍ॅक्सलला काटकोनात ठेवून आधी डावं चाक सरळ करा, मग उजव्या टाय रॉडने १.२ ते २.४ मिमी द्या. ड्रॅग लिंकचे प्लग पूर्ण आवळून बेलक्रँककडचा अर्धा फेरा आणि पिटमन आर्मकडचा एक फेरा मागे घ्या आणि नवीन कॉटर पिन घाला, जुनी सरळ करून परत वापरू नका.