ई-टाइप घ्यायची, पण कुठली?

कॉव्हेंट्रीकर: पुढच्या वर्षी निवृत्त होतोय. जॅग्वार ई-टाइप, ती जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, घ्यायचीच, तीही कूपे, म्हणजे बंद छपराची. इथल्या पावसात उघडी गाडी नको. ३.८ लिटर इंजिनाची की ४.२ची? बारा सिलिंडरची व्ही१२ त्यामानाने स्वस्तात मिळतेय. उंची सहा फूट, गुडघे कुरकुरे.

जुना_गॅरेजवाला: पहिल्या सिरीजची ४.२. १९६४च्या अखेरीस इंजिन वाढलं, पण खरी कमाई गिअरबॉक्सची. ३.८च्या पहिल्या गिअरला सिंक्रोमेश, म्हणजे गिअर अलगद पडू देणारी यंत्रणा, नाही. रांगत्या गाडीत घातलात तर अशी करकरते की शेजारचा वळून बघतो. ४.२ची सीटंही बरी. हेडलाइटवरची काच १९६७मध्ये काढली, म्हणून त्याआधीचीच शोधा. आणि हो, दाराखालच्या पट्टीला चुंबक लावा. चिकटला नाही तर आत गंज लपवायला भरलेली नुसती पुट्टी!

चाकवेडा: १९६१ची सपाट तळाची संग्राहकांना प्यारी, पण तुमचे पाय मावायचे नाहीत. व्ही१२ पेट्रोल ढोसते, राव.

कॉव्हेंट्रीकर: ४.२ ठरली. पण बायको विचारतेय, नातवंडं कुठे बसणार?

जुना_गॅरेजवाला: १९६६ला टू-प्लस-टू आली, मागे दोन छोट्या सीट असलेली; व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, नऊ इंच लांब. वहिनींना दाखवा. मला ते छप्पर कुबडासारखं दिसतं.